लक्ष्मीबाई टिळकांचीं वगळलेलीं पानें

पूर्णगडच्या आमच्या घरांत माजघराला लागून एक फडताळ आहे. त्यांत पंचांगें, जुनीं मासिकें, एक-दोन पाकशास्त्राचीं पुस्तकें आणि 'स्मृतिचित्रें'ची एक जीर्ण प्रत, अशी आमच्या घराण्याची सरस्वती नांदत आलेली आहे. मुचकुंदीच्या मुखाशीं, किल्ल्याच्या उतारावर वसलेलें हें गांव. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं मी येथें येतों, आणि आल्यावर दोन-चार दिवसांच्या आंत तें पुस्तक हातांत येतेंच. यंदां मात्र नेहमींच्या रीतीनें, म्हणजे हवें तेथें उघडून, मीं तें वाचलें नाहीं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकहि ओळ न गाळतां वाचलें. आणि वाचून झाल्यावर मनांतून थोडी लाज वाटली. ती कां वाटली हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

त्या प्रतींत ठिकठिकाणीं शिसपेनीचे कंस आहेत. ते माझ्या आत्याबाईंनीं घातलेले. मी लहान असतांना वैशाखाच्या दुपारीं अंगणांत फणसाचीं साठें वाळत पडलेलीं असावयाचीं, घरांतल्या बायका पडवींत कोकमें फोडीत बसावयाच्या आणि आत्याबाई मोठ्यानें वाचावयाच्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोंवळें निघालें कीं हंसतां हंसतां पुरेवाट होई. टिळकांचा विसराळूपणा, घरखर्चाचे पैसे भलत्याच कामीं खर्च करण्याची त्यांची हातोटी, नवराबायकोचीं भांडणें आणि लगेच झालेले समेट, हें सारें आम्हां मुलांना तोंडपाठ होतें. मधूनच एखाद्या ठिकाणीं आत्याबाईंचा आवाज किंचित् अडखळे, पान उलटलें जाई, आणि गोष्ट पुढें कोठें तरी सुरू होई. तें अडखळणें मला लहानपणीं वयाचें वाटे. मोठेपणीं ते कंस नीट पाहिले तेव्हां उलगडा झाला. प्रार्थना, उपासना, ख्रिस्ताचें नांव, श्रद्धेविषयींचे उद्गार, हें जेथें जेथें आलें आहे तेथें तेथें कंस. आत्याबाईंच्या मनांत कसलाहि आकस नव्हता. लक्ष्मीबाईंवर त्यांचें खरोखर प्रेम होतें. त्या लक्ष्मीबाईंना थेट माजघरांत घेत होत्या. फक्त त्यांच्या देवाला ओटीवर बसवून ठेवीत होत्या.

आत्याबाईंना दोष देण्याचा अधिकार मला नाहीं, कारण त्यांनीं शिसपेनीनें केलें तेंच मीं पुढें खडूनें केलें. मराठी गद्याच्या तासाला पंचवीस-तीस वर्षें मीं 'स्मृतिचित्रें' शिकविलीं. त्यांचा विनोद, त्यांची बोलभाषा, एका वाक्यांत माणूस उभें करण्याची लकब, स्त्रीजीवनाचें चित्रण, यांवर विद्यार्थ्यांकडून टिपणें लिहवून घेतलीं, प्रश्नपत्रिका काढल्या, उत्तरें तपासलीं. इतक्या वर्षांत 'हें एका धार्मिक लेखिकेचें पुस्तक आहे' असें वाक्य मी एकदांहि वर्गांत बोललों असेन असें स्मरत नाहीं. आमच्या समीक्षेनेंहि निराळें कांहीं केलेलें नाहीं. 'मराठींतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्र' म्हणून 'स्मृतिचित्रें'ना मानाचें पान मांडावयाचें, आणि ज्या श्रद्धेसाठीं त्या बाईनें जात, आप्त, सोयरे सोडले ती श्रद्धा म्हणजे चरित्रांतला एक तपशील, फार तर एक अडचण, असें मानून पुढें जावयाचें, ही आपली रूढ चाल. ती चुकीची आहे, असें मला आतां वाटूं लागलें आहे. तो धर्म काढून घेतला तर पुस्तकाचा कणाच निघून जातो. विनोद उरतो, पण तो विनोद कशासाठीं आहे हें उमगत नाहीं.

चरित्राची हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, म्हणून ती थोडक्यांत देतों. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें गोखल्यांच्या घरांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीनंतर फांसावर गेले, आणि त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांनीं सोंवळ्याचा जो आश्रय घेतला त्यानें पुढें सारें घर व्यापून टाकलें. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांतले, दापोलीकडच्या करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या आणि १९०० सालीं त्यांनींहि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांना १९०४ मध्यें पाळकपदाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते; १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' काढला, आणि ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले. लक्ष्मीबाई त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षें जगल्या. 'स्मृतिचित्रें'चे चार भाग १९३४ पासून १९३६ पर्यंत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशकास त्यांचा अंत झाला, म्हणून शेवटचा भाग त्यांच्या माघारीं निघाला.

आतां या हकीकतींत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्याकडे आपण पुरेसें लक्ष देत नाहीं. टिळकांनीं धर्म बदलला तो पत्नीला न विचारतां. धर्मांतराच्या जेवढ्या म्हणून कथा जगांत नांवाजल्या आहेत त्या बहुतेक धर्मांतर करणाराने सांगितलेल्या आहेत. ऑगस्टाइनचे 'कन्फेशन्स' घ्या, बन्यनचें 'ग्रेस अबाउंडिंग' घ्या, कार्डिनल न्यूमनचें १८६४ चें 'अपॉलॉजिया' घ्या. प्रत्येकांत एक आत्मा चांचपडतो, तळमळतो, शेवटीं प्रकाशास येतो. त्या आत्म्याची बायको त्या वेळीं कोठें होती, तिनें चूल कशाच्या आधारावर पेटविली, हें त्या ग्रंथांना विचारावयाचेंच नसतें. ऑगस्टाइननें ज्या स्त्रीबरोबर कित्येक वर्षें संसार केला आणि जिच्यापासून त्याला मुलगा झाला तिला अखेर दूर धाडलें. तिचें नांवसुद्धां तो आपल्या ग्रंथांत देत नाहीं. 'स्मृतिचित्रें' हें त्या नांव नसलेल्या बाईच्या बाजूनें लिहिलेलें पुस्तक आहे. टाकली गेलेली बायको येथें बोलते. आणि नवल असें कीं ती पुढें त्याच श्रद्धेला जाऊन पोंचते. तरीहि टाकलें गेल्याचें दुःख ती खोडून टाकीत नाहीं, त्याला गोड रूप देत नाहीं, 'देवाच्या योजनेंत तेंहि होतें' असा मुलामा चढवून मोकळी होत नाहीं. थोरल्या बहिणीच्या आश्रयानें पंढरपुरास काढलेले ते दिवस, लोकांचे टोमणे, लोकांची सहानुभूति, आणि त्या सहानुभूतीचा टोमण्यांहून अधिक होणारा जाच, हें सारें जसेंच्या तसें आहे. पहिल्या कविता त्यांनीं या वियोगांतच रचल्या. धार्मिक लेखनांत इतका प्रामाणिकपणा दुर्मिळ असतो. बहुतेक साक्षी देणारे शेवट गोड करण्याच्या भरांत मधलें खोटें करतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. पुस्तकाच्या आरंभीं पाणी आहे तें धुण्याचें. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं, विटाळाची शंका आली कीं पुन्हां सारें धुवावयाचें, असा त्या घराचा खाक्या. आत्याबाई या भागावर हंसत आणि आम्हींहि हंसत होतों. परंतु लक्ष्मीबाईंनीं तो भाग नुसता हंसविण्यासाठीं लिहिलेला नाहीं. त्या घरांतली मुलगी पुढें पतीकडे परत येते, ख्रिस्ती वस्तींत राहते, आणि आपलें पाणी वेगळें, आपली चूल वेगळी, असा संसार सुरू करते. टिळकांनीं तिला तिच्या धर्मानें राहण्याची मोकळीक दिलेली होती. ती तिनें अक्षरशः घेतली. मग एके दिवशीं, कोणाच्या उपदेशावांचून, तिच्याच मनांत विचार येतो कीं देवाला जाति करावयाच्या असत्या तर त्यानें तशा खुणा देहावरच ठेविल्या असत्या. त्यानें केलेल्या जाति दोनच, बाई आणि पुरुष. विचार संपला तेव्हां सोंवळें संपलेलें होतें. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मिशनच्या पुस्तकांत सामान्यतः आधीं सिद्धान्त पटतो, मग जात सुटते. बाबा पदमनजींचें 'अरुणोदय' घ्या. तें मराठींतील एक मोठें आत्मचरित्र आहे याबद्दल वाद नाहीं. पण त्यांतलें युद्ध ग्रंथांचें आहे. शास्त्र विरुद्ध शास्त्र, प्रमाण विरुद्ध प्रमाण, असा तो तरुण वाचीत वाचीत, वाद करीत करीत धर्मापाशीं येतो. लक्ष्मीबाईंपाशीं ग्रंथ नव्हते. अक्षरओळख झाली तीसुद्धां टिळकांच्या हातून, आणि लिहिण्याचा सराव बेताचाच. त्यांच्यापाशीं होता हंडा. त्यामुळें त्यांचें तत्त्वज्ञान हंड्यापासूनच सुरू झालें. योहानाच्या शुभवर्तमानांत विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा आहे. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसतांना येशू तिच्यापाशीं पाणी मागतो. परदेशांतून आलेल्या मिशनऱ्याला ही कथा समजावून घेण्यासाठीं टीपग्रंथ पाहावा लागे. जलालपुरच्या गोखल्यांच्या मुलीला टीप नको होती. कोणाचें पाणी, कोणाचें भांडें, हा प्रश्न तिच्या बालपणाचा होता. आरंभींचें तें हास्यास्पद सोंवळें आणि नंतरचें तें सोडलेलें सोंवळें हीं दोन प्रकरणें एकमेकांना बांधलेलीं आहेत, आणि ती गांठ धार्मिक आहे. आत्याबाईंनीं पहिलें टोंक राखलें व दुसरें कंसांत घातलें. मीं वर्गांत तेंच केलें.

इंग्रजी भाषांतरांच्या नांवांकडे पाहिलें तरी हा पेंच दिसतो. १९५० सालीं जोसेफिन इंक्स्टर यांनीं केलेल्या भाषांतराचें नांव होतें 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मागोमाग येणारी. २०१७ मध्यें शांता गोखले यांचें भाषांतर निघालें. त्याच्या उपशीर्षकांत लक्ष्मीबाई एक तेजस्वी, बाणेदार पत्नी म्हणून आल्या आहेत. शांताबाईंचें भाषांतर फार चांगलें आहे, त्यांत मूळचा झपाटा उतरला आहे. नांवें प्रकाशकांच्या सोयीचीं असतात हेंहि मला ठाऊक आहे. तरी पण पहिल्या नांवांत त्या पतीच्या पाठीमागून धर्मांत आलेल्या दिसतात आणि दुसऱ्यांत पतीशीं दोन हात करणाऱ्या. दोहोंकडे मोजमाप टिळकांचेंच. खरें पाहतां त्या टिळकांच्या मागून गेल्याच नाहींत. टिळक ख्रिस्ताकडे गेले ते तुकारामाच्या पुलावरून, असें ते स्वतः म्हणत. तो कवीचा आणि पंडिताचा मार्ग होता. लक्ष्मीबाई गेल्या त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारानें. मुक्काम एक, वाटा दोन. आणि मागच्या दारानें आलेल्या माणसाला घराची जी माहिती असते ती पुढच्या दारानें आलेल्याला सहसा नसते.

ही माहिती त्यांच्या चर्चमधल्या आयुष्यांत पदोपदीं दिसते. चर्चमध्यें त्यांना अधिकाराचें स्थान नव्हतें. टिळक दीक्षित पाळक. त्या पाळकाच्या पत्नी. हें पद नव्हे, परंतु त्याला काम मात्र पुष्कळ असतें. दुष्काळानें वाऱ्यावर पडलेलीं मुलें घरांत यावयाचीं, आजारी यावयाचे, बालकवि ठोंबऱ्यांसारखा हळवा कवि मुलासारखा येऊन राहावयाचा. आणि टिळकांनीं हातांतलें होतें नव्हतें तें कोणाला तरी देऊन टाकलेलें असावयाचें. दातृत्वाची कीर्ति दात्याला मिळते. दान दिल्यावर रात्रीं पानांत काय वाढावयाचें याचा विचार करणाराला ती मिळत नाहीं. चर्चला देणग्या देणारे, इमारती बांधणारे, मंडळांवर बसणारे आधारस्तंभ सर्वत्र असतात, आणि त्यांचीं नांवें भिंतींवरच्या दगडांत कोरलेलीं असतात. लक्ष्मीबाई त्या जातीच्या आधारस्तंभ नव्हत्या. त्यांनीं मंडळी सांभाळली ती बाई घर सांभाळते तशी. कुरकुरत, विनोद करीत, उसनवार करीत, पण कोणाला उपाशी उठूं न देतां.

म्हणूनच त्या चर्चविषयीं लिहितात तेंहि घरच्या माणसानें घराविषयीं बोलावें तसें. मिशनमधल्या माणसांच्या लकबी, नव्या ख्रिस्ती झालेल्यांचे अवघडलेले शिष्टाचार, स्वतःची फजिती, सारें त्यांच्या चिमट्यांत सांपडतें. हिंदु वाचकाला हें वाचून वाटतें कीं बाई मनानें आपल्याच राहिल्या. हा आपला समज थोडा स्वार्थी आहे. माणूस आपल्या घराची थट्टा करतो ती घर सोडावयाचें असतें म्हणून नव्हे. वडिलांच्या सोंवळ्याला हंसतांना जी माया आहे तीच मिशनला हंसतांना आहे. आणि दोन्ही ठिकाणीं निर्णय त्यांनीं अगोदरच घेतलेला आहे. एक घर सोडलें, दुसऱ्यांत राहिल्या. १९१७ सालीं टिळक मिशनच्या वेतनांतून बाहेर पडले तेव्हां त्यांच्या मनांत जो चर्च होता तो परक्या वळणाचा, परक्यांच्या पैशावर चालणारा नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाहि एकत्र आणणारा असा तो दरबार व्हावयाचा होता. तें स्वप्न त्यांच्याबरोबरच जवळजवळ मावळलें. परंतु त्या स्वप्नाला लागणारी भाषा, म्हणजे देवाविषयीं बोलतांना भाषांतराचा वास येऊं नये अशी मराठी, ती टिळकांच्या भजनांत जशी आहे तशी लक्ष्मीबाईंच्या गद्यांत आहे. टिळकांचीं भजनें मराठी चर्चमध्यें आजहि गाइलीं जातात. लक्ष्मीबाईंचें गद्य मात्र चर्चबाहेरच्यांनींच अधिक वाचलें, आणि तेंहि कंस घालून.

रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० सालच्या. दोन्ही पुस्तकें पत्नींचीं, दोन्ही पतींच्या मृत्यूनंतरचीं, म्हणून त्यांची तुलना नेहमीं होते, आणि लक्ष्मीबाईंचें पुस्तक अधिक मोकळें असा निर्णय दिला जातो. तो बरोबर आहे. मात्र मोकळेपणाचें कारण स्वभावांत शोधतात, तेवढें मला पुरेसें वाटत नाहीं. रमाबाई पतीला देवाच्या ठिकाणीं पाहतात. मग त्याच्याकडे नजर वर करून पाहणें कठीणच. लक्ष्मीबाईंना देव निराळा मिळाला होता. त्यामुळें नवरा नवऱ्याच्या ठिकाणीं ठेवतां आला, त्याच्यावर रागावतां आलें, त्याला हंसतां आलें, आणि शेवटीं त्याच्यावर प्रेमहि करतां आलें. ज्या विनोदाचें आपण इतकें कौतुक करतों त्याची मुळें त्या कंसांतल्या पानांत आहेत.

आतां 'ख्रिस्तायना'विषयीं. येशूचें चरित्र ओवीबद्ध करण्याचा टिळकांचा संकल्प होता. सुमारें दहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. १९३८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहा आणि चौसष्ट हे आंकडे मला स्वतःला कित्येक वर्षें ठाऊक नव्हते. 'टिळकांचें ख्रिस्तायन, पत्नीनें पूर्ण केलेलें' असें एक वाक्य विद्यार्थिदशेंत ऐकलें होतें तेंच मी पुढें ऐकवीत असें. दहा अध्यायांचा धनी ग्रंथकर्ता आणि चौसष्टांची धनीण पूर्ण करणारी, या हिशेबांत कांहीं तरी चुकतें आहे, हें एकाहि विद्यार्थ्यानें मला विचारलें नाहीं. त्यांनीं विचारावें असें मीं त्यांना शिकविलेंहि नव्हतें.

ग्रंथ म्हणून 'ख्रिस्तायन' निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. लांबी फार आहे. बऱ्याच ठिकाणीं ओवी नुसती चालते, चढत नाहीं, आणि पुराणिकाच्या सुरांत कथा पुढें ढकलली जाते. टिळकांच्या शब्दांत जें मार्दव आहे तें लक्ष्मीबाईंच्या ओवींत कमी. गद्यांत ज्या बाई एका फटक्यांत प्रसंग उभा करतात त्या पद्यांत थोड्या अवघडतात, लुगडें नेसण्याची संवय असलेल्या बाईनें शालू नेसावा तशा. पण मोठा विषय आणि आपली बेताची साधनें यांचा विचार करून त्या थांबल्या नाहींत. सोळाशें सोळा सालीं रायतूरच्या छापखान्यांतून फादर स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण' बाहेर पडलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ एका परदेशी जेझुइट पाद्र्यानें मराठीवरच्या अपरंपार प्रेमानें लिहिला. त्याच्यानंतर तीनशें वर्षांनीं त्याच विषयाला, त्याच छंदांत, हात घालणारी व्यक्ति पाद्री नव्हती, पंडित नव्हती, शाळेंत गेलेली नव्हती. मराठी ओवीच्या इतिहासांत ही घटना कोठें तरी नोंदली जावयास हवी होती. जात्यावर जन्मलेली ओवी ग्रंथांत गेली, ज्ञानदेवांच्या हातीं गेली, पाद्र्याच्या हातीं गेली, आणि अखेर जिनें जात्यावर ती ऐकली असेल अशा बाईच्या हातीं पुन्हां आली. दिवा, खमीर, हरवलेलें नाणें, फाटक्या वस्त्राला लावलेलें ठिगळ, अशा घरगुती वस्तूंनींच येशूचे दृष्टांत भरलेले आहेत. तें सामान लक्ष्मीबाईंना उसनें आणावें लागलें नाहीं.

येथून अडीच-तीन कोसांवर पांवस आहे. तेथें अनंत निवासांत स्वामी स्वरूपानंद चाळीस वर्षें राहिले, १९७४ सालीं समाधिस्थ झाले. त्यांची 'अभंग ज्ञानेश्वरी' या भागांतल्या पुष्कळ घरांतून रोज वाचली जाते. आमच्याहि. ती आमच्या देवघरांत आहे, 'स्मृतिचित्रें' फडताळांत, आणि 'ख्रिस्तायन' आमच्या घरीं कधीं आलेंच नाहीं. मठ नाहीं, पौरोहित्य नाहीं, अधिकाराचा कसलाहि कागद नाहीं, अशा माणसानें आपल्या घरीं बसून देवाविषयीं लिहावें आणि लोकांनीं तें आदरानें वाचावें, ही या मुलुखांत परकी गोष्ट नव्हे. आपल्या संतांपैकीं कितीजण शिंपी, कुंभार, सोनार, वाणी होते! तेव्हां लक्ष्मीबाईंचें लेखन धार्मिक म्हणून वाचण्यास आड येतो तो त्यांचा अधिकार नव्हे. आड येतें तें देवाचें नांव. हें एकदां मोकळेपणानें कबूल केलेलें बरें. विनोदाची, भाषेची, स्त्रीमनाची वगैरे सबब पुढें करूं नये.

कोणी म्हणेल, श्रद्धेची पानें वाङ्मयदृष्ट्या दुबळीं आहेत, म्हणून आम्ही गाळतों. तीं पानें साधीं आहेत हें खरें. तेथें विनोद थांबतो, वाक्यें आंखूड होतात, बाई सरळ सांगूं लागतात. परंतु ज्यांचा विनोद क्षणोक्षणीं उसळतो त्या लेखिकेनें एखाद्या ठिकाणीं तो आवरावा, यालाहि वाङ्मयांत कांहीं अर्थ असतो. सबंध पुस्तकांत त्यांनीं थट्टा केली नाहीं अशा गोष्टी फार थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक आमच्या प्रतींत कंसांत आहेत. दुसऱ्या बाजूचा दोषहि सांगितला पाहिजे. ख्रिस्ती मंडळींनीं त्यांचा गौरव केला, मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना दिलें. पण त्यांना स्वतंत्र धार्मिक लेखिका म्हणून तपासून पाहण्याऐवजीं रेव्हरंड टिळकांच्या शेजारचें आसन देणें तेथेंहि अधिक सोयीचें झालें. मुळांत हें पुस्तक लिहिलें गेलें तेंच टिळकांच्या चरित्रासाठीं; चिरंजीव देवदत्त यांना वडिलांच्या आठवणी हव्या होत्या, आणि आई लिहूं लागली ती स्वतःचाच ग्रंथ लिहून बसली. मुलानें तो तसाच छापला, हें मराठी वाङ्मयाचें भाग्य.

यंदां माझी एक भाची सुट्टीला आली होती. तिला मराठी वाचावयास सांगावें लागतें, म्हणून मीं दुपारीं तीच प्रत तिच्या हातीं दिली आणि मोठ्यानें वाच म्हटलें. ती वाचूं लागली. जात्याच चपळ, एक शब्द न गाळणारी. कंस आला तेव्हां ती थांबली आणि हें वाचावयाचें कीं नाहीं, असें तिनें विचारलें. पडवींत तिची आजी कोकमें फोडीत बसली होती. तिनें ऐंशी वर्षांच्या आयुष्यांत हें पुस्तक निदान दहा वेळां ऐकलें असेल. मी कांहीं बोलण्यापूर्वीं तीच म्हणाली, "वाच गो, तें मीं कधीं ऐकलेलें नाहीं."